अजगराच्या अंड्यांचं अंथरूण

१

ताईचा दिवस उबेच्या खोलीत सुरू व्हायचा. चहा त्यानंतर. सर्पोद्यानाच्या अगदी मागच्या अंगाला, जिथे पूर्वी पिंजऱ्यांचं मोडकं सामान पडलेलं असायचं, तिथे ही खोली होती. एक दार, खिडकी नाही, भिंतीला लागून लोखंडी मांडणी आणि कोपऱ्यात एक म्हातारा फ्रिज. गार करायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं. मामानं त्याला काचेचं दार बसवलं, आतून तापणारी तार फिरवली आणि त्याची उबवणपेटी केली. "जन्मभर दुसऱ्यांची भाजी गार ठेवली बिचाऱ्यानं," मामा म्हणाला होता, "म्हातारपणी जरा ऊब मिळू दे त्याला."

मामा म्हणजे ताईच्या आईचा सख्खा भाऊ आणि सर्पोद्यानातला जनावरांचा डॉक्टर. ताई भावंडांत थोरली, म्हणून घरात ताई. मामाही तिला ताईच म्हणायचा, आणि कामाच्या ठिकाणीही तेच नाव चिकटलं.

कामाची रीत ठरलेली. आधी तापमापक बघायचा. मग एकेका डब्याचं झाकण उचलून अंडी नुसती न्याहाळायची. सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं. ते उलटं झालं की आतला जीव गुदमरतो. म्हणून अंडं आलं की आधी त्याच्या माथ्यावर पेन्सिलीची बारीक खूण, आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे. बुरशी धरलीय का, कुठे पोचा पडलाय का, एवढं पाहायचं आणि झाकण लावायचं.

खरी मेख होती ती अंथरुणात. अंड्यांखाली जे पसरतात त्याला ताई अंथरूणच म्हणायची. अभ्रकाच्या चुऱ्यासारखं व्हर्मिक्युलाइट, लाह्यांसारखं हलकं परलाइट, नारळाच्या काथ्याचा भुसा, शेवाळ. सगळं तिनं वापरून पाहिलं होतं. पाणी मिसळायचं, मूठभर घेऊन दाबायचं. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून थेंब गळता कामा नये. मागच्या हंगामात मात्र तिच्या मुठीनं तिला दगा दिला. ओल जास्त झाली आणि धामणीची अंडी एकूण एक काळी पडली. कुणी तिला बोल लावला नाही. पण तेव्हापासून व्हर्मिक्युलाइटचं पोतं उघडताना तिचा हात अडखळायचा.

अशातच अजगराची अंडी आली.

ती घेऊन आला होता पोकलेनचा ड्रायव्हर. टेकडी कापून रस्ता काढायचं काम चालू होतं. यंत्राचा लोखंडी पंजा मातीत घुसला आणि वर आला तो अजगराच्या मादीला घेऊनच. अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली, म्हणून ती पळाली नव्हती. मामानं तिला तपासलं आणि मान हलवली. मधोमध चिरली जाऊन ती मेली होती. घमेल्यातल्या मातीत अंडी मात्र एकमेकांना चिकटून, ढीग करून, जशीच्या तशी होती.

"आणताना उलटीपालटी केलीस का रे?" ताईनं विचारलं.

"नाही ताई. हात लावायची हिंमतच झाली नाही. खालून मातीसकट उचलली."

"शाबास. अगदी बरोबर केलंस."

ती शाबासकी त्याच्या कानात शिरलीच नाही. तिशीही न गाठलेला तो माणूस झाकून ठेवलेल्या मादीकडे बघत उभा होता. "माझी बायको दवाखान्यात आहे," तो म्हणाला. "दिवस भरत आलेत. नुसतं पडून राहायला सांगितलंय तिला. आणि नेमकं आत्ता माझ्या हातून हे असं. ताई, साप डूख धरतो ना?"

"अरे, डूख धरायला आधी चेहरा लक्षात राहावा लागतो. सापाच्या डोक्यात तेवढी जागाच नसते," ताई म्हणाली. "जा, बायकोजवळ बस."

२

त्या दिवशी तिनं व्हर्मिक्युलाइटचं पोतं उघडलं आणि परत बांधून टाकलं. घमेल्यातली माती तांबूस, भुसभुशीत, वाळक्या मुळांचे धागे असलेली होती. तिनं मूठ भरून दाबली. गोळा झाला. थेंब गळला नाही. ड्रायव्हरला सांगून तिनं त्याच जागची आणखी एक गोण मागवली.

मामानं कपाळाला हात लावला. "मातीत मुंग्या असतात, बुरशी असते, तिची ओल धड सांगता येत नाही. सगळ्या जगानं सोडून दिलेली गोष्ट तुला आत्ता सुचली?"

"मादीनं हीच निवडली होती, मामा."

"मादीला दुकान कुठे होतं?"

पण ताईनं ऐकलं नाही. बुरशी मरावी म्हणून तिनं सगळी माती कर्मचाऱ्यांच्या स्वयंपाकघरात मोठ्या कढईत भाजली. मामा दारातून डोकावला. "आज काय बेत?"

"माती."

"मीठ बघून टाक," म्हणत तो निघून गेला.

माती गार करून, चाळून, पाणी शिंपडून तिनं एका रुंद डब्यात चार बोटं जाडीचा थर दिला. पळीच्या पाठीनं तो सारखा केला. मधोमध अंड्यांचा ढीग अर्धा रुतवून ठेवला आणि झाकणाच्या खिट्ट्या दाबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी पांढरीशुभ्र, टणक. ताईचा जीव भांड्यात पडला. मग तिचं लक्ष मातीकडे गेलं. अंड्यांना लागून, सगळीकडून, माती खाली दबली होती. मनगट बसेल एवढा रुंद, गोल चर.

ओली माती बसतेच, ती स्वतःशी म्हणाली. तिनं पळीनं चर बुजवला आणि चहाला गेली.

दुपारी सहज डोकावली तेव्हा चर पुन्हा तिथेच होता.

३

शहाण्या माणसाला आधी दुसऱ्या माणसाचा संशय येतो. ताईला मामाचा आला.

"मी? मला तू त्या खोलीत शिंकूसुद्धा देत नाहीस," मामा म्हणाला. पण तो आला, चष्मा सरसावून बराच वेळ वाकून बघत राहिला. "थेंब आहेत गं. झाकणाला वाफ धरते, थेंब पडतात, माती खचते."

"थेंब कडेनं ओघळतात. मग कडेला खचेल. अंड्यांना लागून कशी?"

"मग अंडी फुगतायत. माती बाजूला ढकलतायत."

"ढकलली तर उंचवटा येईल, मामा. खड्डा कसा पडेल?"

मामा चष्मा पुसत राहिला. "तू असं मुद्देसूद बोलायला लागलीस की मला भूक लागते," एवढंच म्हणाला आणि गेला.

ताईनं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. निघण्यापूर्वी चर बुजवून त्यावर तिनं पिठासारखी बारीक माती भुरभुरवली.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. डब्याच्या खिट्ट्याही लावलेल्या. आत चर आता दुहेरी झाला होता, एका वेढ्याची कड दुसऱ्यानं किंचित दाबलेली. आणि त्याच्या तळाशी, त्या बारीक मातीत, शेजारी शेजारी आडव्या गुळगुळीत पट्ट्या उमटल्या होत्या. पोटाच्या खवल्यांच्या पट्ट्या. अशा पट्ट्या पिंजऱ्यातल्या वाळूवर ती रोज झाडूनं पुसायची.

चाळणीची जाळी उमटली असेल. तिनं चाळणी आणली आणि उजेडात धरून पाहिली. जाळी चौकोनी होती.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तार तापत असली की पेटीवर तांबडा दिवा लागायचा. तो विझलेला होता. मातीतला तापमापक मात्र हवी तेवढीच ऊब दाखवत होता. मामानं तापनियंत्रक बदलून नवा बसवला. नव्याचाही दिवा लागेना. आत ऊब असेल तर तो लागणार तरी कशाला?

मामा गेल्यावर ताईनं काचेला कान लावला. आतून बारीक, एकसुरी थरथर ऐकू येत होती. फ्रिज चालू असला की येते तशी. ती क्षणभर तशीच ऐकत राहिली. मग तिला आठवलं की फ्रिजचं यंत्र मामानं कधीच काढून भंगारात दिलं होतं.

ती खोलीतून बाहेर आली, आणि बाहेर उन्हात बराच वेळ नुसती उभी राहिली.

४

ड्रायव्हर दवाखान्यातून परतताना रोज येऊन दाराशी उभा राहायचा. "बरी आहेत ना?" एवढं विचारायचा आणि जायचा. त्या दिवशी तो गेलाच नाही. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाळाचे ठोके मधूनच मंद लागतायत म्हणाले. मला एकदा अंडी बघू द्या ताई. डोळ्यांनी बघितली की बरं वाटेल."

तिनं त्याला आत घेतलं, झाकण उचललं आणि तिला लगेच पस्तावा झाला. चर बुजवायचं तिनं सोडून दिलं होतं.

ड्रायव्हर मागे सरला तो थेट मांडणीवर आदळला. "अशीच बसली होती ती," तो म्हणाला.  "दोन वेढे. खालचा मोठा, वरचा लहान. त्यावर डोकं टेकलेलं. ताई, माती मीच आणली ना? मातीबरोबर तीही आली. फेकून द्या ती माती. माझ्या बायकोसाठी फेकून द्या."

ताईनं झाकण पटकन टेकवलं. 

"बदलते," ती म्हणाली. त्याच्यासाठी बदलते असं तिनं दाखवलं. खरं तर तिलाही त्या डब्यात पुन्हा डोकावायचं नव्हतं.

तिनं पोतं उघडलं, व्हर्मिक्युलाइट भिजवलं, मूठ दाबून पाहिली. पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. मग दोन्ही तळव्यांवर अंड्यांचा ढीग अलगद उचलून नव्या अंथरुणावर ठेवला आणि तो डबा पेटीत सरकवला. उचलताना तिच्या मनगटांना काहीतरी लागलं. ओझरतं, उबदार. तिनं हात झटकन काढून घेतले आणि वाफ असेल म्हणून सोडून दिलं. मातीचा डबा तिनं झाकण लावून मांडणीच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला. उद्या टाकून देऊ.

५

सकाळी तिनं कुलूप उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली.

मातीच्या डब्याच्या खिट्ट्या लावलेल्याच होत्या. आतली सगळी माती मात्र उकरून चारही बाजूंना ढकललेली, इतकी की प्लास्टिकचा तळ दिसत होता, आणि झाकण बंद असूनही बरीचशी बाहेर सांडलेली. त्याच्या वरच्या कप्प्यातले रिकामे डबे कडेपर्यंत सरकले होते. त्याच्या वरच्या कप्प्यातल्या बाटल्या आडव्या. सगळ्यात वरती ठेवलेली पोती कलंडलेली. एकेक कप्पा, खालून वर, कुणीतरी काहीतरी शोधलं होतं. पेटीच्या काचेवर, बाहेरून, खालच्या अंगाला, एकाच जागी पुन्हा पुन्हा घासल्यासारखा डाग पडला होता.

तांबडा दिवा लागलेला होता. तार तापत होती. तरी आत ऊब पुरत नव्हती. अंड्यांना पोचे पडले होते. एक-दोन पिवळसर दिसायला लागली होती.

 पळून जावं, मामाला हाक मारावी, असं सगळं मनात येऊन गेलं. पण तिची नजर पुन्हा पुन्हा जमिनीवर सांडलेल्या मातीकडे जात होती. मांडणीपाशी माती होती, पेटीपाशी होती. दाराकडे मातीचा कण नव्हता. डूख धरणारं कुणी असतं तर ते दाराकडे गेलं असतं, माणसांच्या मागे गेलं असतं. इथे कुणाला माणसांशी काही देणंघेणंच नव्हतं.

तिनं झाडू घेतला. कोपऱ्यातली, कप्प्यांतली, पोत्यांखालची माती झाडून गोळा केली. चाळली, पाणी शिंपडून पसरली. मूठ दाबून बघायची तिला या वेळी गरज वाटली नाही. अंड्यांचा ढीग उचलून तिनं मातीच्या मधोमध ठेवला. अंडी जराही हलली नाहीत.

"इथेच आहेत," ती मोठ्यानं म्हणाली. रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली. तरी पुन्हा म्हणाली, "इथेच आहेत सगळी. बघ."

तिनं डबा पेटीत ठेवला. काही वेळानं तांबडा दिवा आपणच विझला.

संध्याकाळी ड्रायव्हर आला तेव्हा तिनं काही लपवलं नाही. "माती परत घातली मी."

"ताई!" तो जवळजवळ ओरडलाच. "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. आणि अंडी मरायला लागली होती. हे बघ, ती तुझ्यासाठी आलेली नाही. तुझ्याकडे बघायला तिला फुरसत नाही."

तो काहीतरी बोलणार होता. पण मग तिथेच, दाराबाहेरच्या पायरीवर मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ताई त्याच्या शेजारी बसली. 

६

पोचे भरून आले. अंडी पुन्हा गोल, टणक झाली. ताई रोज झाकण उचलण्याआधी दारावर टकटक करायला लागली. मामानं ते पाहिलं आणि चष्मा पुसत पुढे गेला.

मग एका ढगाळ, गार वाऱ्याच्या सकाळी वीज गेली. जवळचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून उडाला, दिवसभरात काही येत नाही असं कळलं. जनरेटरनं खोकून मान टाकली. मामा गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घेऊन धावत आला. पाठोपाठ ड्रायव्हरही आला. दवाखान्यात बसवेना म्हणून.

खोली गार पडली होती.  दारातून येणाऱ्या उजेडात तिघं पेटीसमोर उभे राहिले. काच आतून वाफेनं पार पांढरी झाली होती.

"आत ऊब कशी?" मामा म्हणाला. "वीज जाऊन किती वेळ झाला."

तेवढ्यात काचेवरची वाफ पुसली जाऊ लागली. आतून. खाली डाव्या कोपऱ्यातून तळहाताएवढा रुंद पट्टा सावकाश उजवीकडे सरकला, वर वळला, मागे आला. त्या पट्ट्यातून आत दिसलं ते श्वासभरच: तपकिरी ठिपके, फिकट कडांचे, एकामागून एक पुढे जाणारे. जात राहिलेले. संपतच नव्हते. मग काच पुन्हा पांढरी झाली आणि ती थरथर सुरू झाली, या वेळी एवढी स्पष्ट की मांडणीवरच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या.

मामाच्या हातातली पिशवी खाली पडली. "झाकणाला वाफ धरते," तो हळूच म्हणाला, "मग थेंब..."

ड्रायव्हर पळेल असं ताईला वाटलं होतं. तो जागचा हलला नाही. "काय करतेय ती?" त्यानं विचारलं.

"ऊब. अजगराची मादी अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते. उपाशी बसते, पण उठत नाही."

त्यानं काचेकडे बघत मान डोलावली. मग वाकून मामाची पिशवी उचलली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "चला डॉक्टर, आपण बाहेर थांबू. इथे आपलं काही काम नाही."

वीज संध्याकाळी आली. मातीतला तापमापक तोपर्यंत जरासुद्धा खाली आला नव्हता.

७

अंडी फुटायला लागली ती लख्ख सकाळ होती. पहिल्या अंड्याला बारीक चीर पडली, तिच्यातून चिकट थेंब आला आणि मागोमाग अंगठ्याएवढं डोकं. मग दुसरं, तिसरं. अजगराची पिल्लं लगेच बाहेर येत नाहीत. डोकं काढून जगाचा अंदाज घेत बसतात. एकही अंडं वाया गेलं नव्हतं. पिवळसर पडलेलीही फुटत होती.

ताईनं ड्रायव्हरला फोन केला. तो दवाखान्याच्या दारातून तसाच आला, दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, पण चालण्यात जीव होता. "ठोके कालपासून सरळ लागतायत," त्यानं आल्या आल्या सांगितलं. "आज बाळंतपणासाठी आत घेतील तिला. मला लगेच जायचंय. एकदाच बघतो."

तिनं झाकण उचललं. ढिगातून सगळी डोकी बाहेर आली होती. पिल्लं माणसाच्या सावलीला दचकतात, तोंड फिरवतात, फुत्कारतात. यांनी वरती पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती, डब्याच्या एका कोपऱ्याकडे, जिथे मातीशिवाय काही नव्हतं. इवल्या जिभा आत-बाहेर होत होत्या.

ड्रायव्हरनं त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग ताईकडे.  ताईनं झाकण नुसतंच टेकवलं, खिट्ट्या लावल्या नाहीत. पेटीचं काचेचं दार उघडं ठेवलं. बाहेर येऊन तिनं खोलीचं दार लोटलं आणि दोघं पायरीवर बसली.

आत थरथर चालू होती. हळूहळू ती मंद झाली आणि थांबली. मग काहीतरी जड, लांबलचक, सावकाश जमिनीवर उतरल्याचा आवाज आला. घासत, थांबत, पुन्हा घासत. आवाज दाराजवळ आला.

दाराखालच्या फटीतून ऊब आली. वाऱ्यासारखी नव्हे, अंगासारखी. ती पायरीवर उतरली. दोघांनी एकदमच पाय जवळ ओढून घेतले, गर्दीत एखाद्या बाईला वाट द्यावी तसे. ऊब त्यांच्या मधून गेली, बराच वेळ जात राहिली. अंगणातलं गवत एका रेषेत वाकत कुंपणापर्यंत गेलं आणि पुन्हा उभं राहिलं.

 ड्रायव्हर कुंपणाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

"गेली," तो म्हणाला.

"हं," ताई म्हणाली. "तिचं झालं. आता तू जा, तुझी वाट बघतायत."

तो उठला आणि धावतच सुटला. ताईनं डोळे पुसले, दार उघडलं आणि पिल्लांना लहान डब्यांत हलवायच्या तयारीला लागली. नवं अंथरूण भिजवून तिनं मूठ भरून दाबली. अगदी हवं तसं जमलं होतं.